उद्योगांचा पैसा आणि विद्यापीठातील संशोधन : लाहोर ते इंदूर

आमच्या नोकरीला पंधरा-सोळा वर्षे झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्या टेबलावर एक नस्ती आली. (आमच्या सरकारी हिंदीत फाईलला नस्ती म्हणतात, महाराष्ट्रातील मंत्रालयातही हाच शब्द चालतो, हे आम्हाला पुढे कळले.) एका कारखान्याला, आपल्या सांडपाण्याचा आजूबाजूच्या काळ्या मातीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास एका शासकीय महाविद्यालयाकडून करून घ्यावयाचा होता. खर्च कारखान्याचा, प्रयोगशाळा आणि माणसे महाविद्यालयाची. आमच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की येणारी रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा करावी आणि त्या पैशांतून घेतलेली उपकरणे शासनाच्या साठा नोंदवहीत चढवावीत की नाही. आम्ही दोन पानी टिपणी लिहिली, ती मान्य झाली, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. करारनाम्याच्या मसुद्यात अकरावे कलम होते. निष्कर्ष ही कारखान्याची मालमत्ता राहील आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय ते कुणालाही दाखविले जाणार नाहीत, असा त्याचा आशय होता. ते कलम आम्ही वाचले होते. त्यावर मत देणे आमचे काम नव्हते, म्हणून दिले नाही.

दोनेक वर्षांनी त्या गावचा एक शेतकरी अर्ज घेऊन आला. त्याच्या शेतातील मातीचे नमुने त्याच्या डोळ्यांदेखत नेले होते. त्यात काय निघाले, एवढेच त्याला हवे होते. आम्ही अकरावे कलम काढून त्याला वाचून दाखविले. तो म्हणाला, "पण साहेब, माती माझी होती." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. अर्जावर 'नियमानुसार देता येत नाही' असा शेरा मारून आम्ही तो परत केला.

हे कलम जगात प्रथम कुणी लिहिले असेल, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि त्याचा माग काढता आला. वाटेत लाहोर लागले, आणि फिरून आम्ही आमच्याच इंदुरात आलो.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. श्रीमंताने विद्यापीठाला दान देणे वेगळे आणि कंपनीने आपला प्रश्न देऊन त्याच्या उत्तरासाठी पैसे मोजणे वेगळे. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा भाग एका संशोधन विद्यापीठासाठी देऊ केला, म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. पण टाटांनी संस्थेपुढे आपल्या गिरण्यांचा एखादा प्रश्न ठेवून त्याच्या उत्तरावर हक्क सांगितला नव्हता. बडोद्याची गोष्ट आणखी निराळी. सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन उभे राहिले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या शिष्यांपैकी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक कंपनी काढली. म्हणजे तेथे विद्येच्या पोटी कारखाना जन्मला. आपल्या बडोदेकर वाचकांना हा इतिहास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

कंपनीने प्रश्न द्यावा, पैसे द्यावेत आणि विद्यापीठाने उत्तर शोधावे, ही रीत रुजविली ती रॉबर्ट केनेडी डंकन या रसायनशास्त्रज्ञाने. जन्माने कॅनडाचा हा गृहस्थ युरोपातील कारखाने व प्रयोगशाळा पाहून आला आणि १९०६ मध्ये अमेरिकेतील कान्सास विद्यापीठात औद्योगिक रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याची योजना साधी होती. कंपनीने विद्यापीठाकडे वर्षाची ठरलेली रक्कम भरायची. विद्यापीठाने एक तरुण संशोधक नेमायचा. त्याने तेवढ्या एकाच प्रश्नावर काम करायचे. शोध लागला तर त्याचा हक्क कंपनीचा. मात्र संशोधकालाही नफ्यात वाटा मिळावा आणि काही वर्षांची मुदत संपल्यावर काम प्रसिद्ध करता यावे, असे डंकनने घालून दिले. १९०७ मधली पहिली शिष्यवृत्ती कशासाठी असावी? कपडे धुण्याच्या रसायनशास्त्रासाठी! धुलाईवाल्यांचा प्रश्न विद्यापीठात गेला याची तेव्हा थट्टाही झाली असेल. पण १९११ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने डंकनला बोलावून घेतले आणि १९१३ मध्ये मेलन बंधूंनी त्याच्या योजनेसाठी संस्थाच काढून दिली. पुढच्याच वर्षी डंकन वारला. ही मेलन संस्था १९२७ मध्ये विद्यापीठापासून वेगळी झाली आणि १९६७ मध्ये कार्नेगी तंत्रसंस्थेत विलीन झाली. आजचे कार्नेगी मेलन विद्यापीठ ते हेच.

डंकनची ही योजना वाचताना आमच्या अकराव्या कलमाचे मूळ सापडल्यासारखे वाटले. मालकीचा भाग जसाच्या तसा आला होता. मुदतीचा भाग तेवढा कुठेतरी गळून पडला होता.

आता लाहोर. शांतिस्वरूप भटनागर हे नाव आज पुरस्कारामुळे सर्वांना ठाऊक असते, पण त्यांची लाहोरची वर्षे फारशी कुणी सांगत नाही. १८९४ मध्ये भेरा येथे जन्म, आठ महिन्यांचे असतानाच पितृछत्र गेलेले, बालपण आजोळी. लाहोरला शिक्षण, पुढे लंडनला प्रा. डॉनन यांच्या हाताखाली कलिल रसायनशास्त्राचा अभ्यास, १९२१ मध्ये डी. एस्‌सी. तेथून तीन वर्षे काशी हिंदू विद्यापीठात (त्या विद्यापीठाचे कुलगीत त्यांचेच) आणि १९२४ पासून पंजाब विद्यापीठात. लाहोरच्या त्या काळात कारखानदारांचा राबता त्यांच्याकडे सुरू झाला. सर गंगाराम यांना उसाच्या चोथ्यापासून गुरांसाठी पेंड करावयाची होती. भटनागरांच्या हाती आलेला उद्योगाचा पहिला प्रश्न तो. मग दिल्लीची कापडगिरणी, कानपूरच्या जे. के. मिल्स, लायलपूरची गणेश फ्लोअर मिल, मुंबईची टाटा ऑईल मिल्स अशी रांगच लागली.

या सर्वांत मोठा प्रश्न आला तो रावळपिंडीच्या अटॉक ऑईल कंपनीचा. तेलविहीर खोदताना भोकात पातळ चिखल सोडतात. तो खोदणाऱ्या पात्याला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर वाहून आणतो आणि भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. अटॉकच्या विहिरींत खालून खारे पाणी लागले की हा चिखल घट्ट होऊन बसे आणि खोदकाम ठप्प होई. यंत्रज्ञांना हा यंत्राचा दोष वाटावा असा प्रकार. भटनागरांनी तो कलिलाचा प्रश्न आहे हे ओळखले. मातीचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. मीठ मिसळले की ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, लिंबू पिळल्यावर दूध नासावे तसे. त्यांनी त्या चिखलात एक देशी डिंक घातला. चिखल पातळ राहिला आणि खाऱ्या पाण्यालाही दाद देईना.

आमच्या पिढीतील ज्यांनी आजोबांना बोरूची शाई करताना पाहिले असेल, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. काजळी नुसत्या पाण्यात तळाशी बसते. बाभळीचा डिंक घातला की शाई महिनोन्‌महिने तशीच राहते. तत्त्व तेच. पण शाईतला डिंक आणि तेलविहिरीतला चिखल यांचा संबंध जोडायला कलिलशास्त्र शिकलेला माणूस लागला, आणि तो माणूस विद्यापीठात होता.

अटॉक कंपनीशी संबंधित असलेली लंडनची स्टील ब्रदर्स ही पेढी यावर इतकी खूष झाली, की तिने भटनागरांना खनिज तेलावरील संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. हा १९३४ च्या सुमाराचा काळ; त्या दिवसांत दीड लाखात काय काय येत असे, याचा हिशेब वाचकांनी आपल्या आजोबांच्या पगारावरून करावा. भटनागरांनी ती रक्कम विद्यापीठाच्या मार्फत घेतली, स्वतःकडे लाभ घेतला नाही. त्यातून पंजाब विद्यापीठात खनिज तेल संशोधनाचा विभाग उभा राहिला. मेणाचा वास घालविणे, रॉकेलच्या ज्योतीची उंची वाढविणे, वनस्पती तेल आणि खनिज तेल यांच्या कारखान्यांतील टाकाऊ द्रव्यांचा उपयोग करणे, असे विषय तेथे हाताळले गेले. पुढे कंपनीने रक्कम वाढविली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांवर नेली. मेघनाद साहांनी भटनागरांना पत्र लिहून, यामुळे विद्यापीठीय शिक्षकांची समाजातील प्रतिष्ठा वाढली, असे कळविले.

भटनागरांच्या त्यागाचे कौतुक सर्व चरित्रांत आहे आणि ते योग्यच आहे. पण लेखाशीर्षे तपासण्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला त्यात दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पैसा प्राध्यापकाच्या खिशात गेला असता तर एका माणसाला मिळाला असता आणि त्याच्याबरोबर संपला असता. तो विद्यापीठाच्या हिशेबात आल्यामुळे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू शकल्या, उपकरणे संस्थेची झाली आणि भटनागर १९४० मध्ये लाहोर सोडून गेले तरी विभाग मागे राहिला. साहांना जी प्रतिष्ठा दिसली ती या व्यवस्थेत होती. तरीही एक गोष्ट खरीच, की तेथे प्रश्न कंपनीने निवडले होते. रॉकेलची ज्योत उंच झाली हे गरिबाच्या घरातही उपयोगीच. पण ज्योतीचा प्रश्न विचारला गेला तो रॉकेल विकणाऱ्याच्या पैशाने.

भटनागर गेले ते केंद्र सरकारच्या बोलावण्यावरून. १९४० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ आले आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी आपली सी. एस. आय. आर. स्थापन झाली. लाहोरात एका विभागापुरते केलेले काम त्यांनी देशाच्या पातळीवर नेले असे म्हणावयास हरकत नाही. मात्र राष्ट्रीय प्रयोगशाळा विद्यापीठांच्या बाहेर उभ्या राहिल्या. हे बरे झाले की वाईट, यावर त्या वेळीही मतभेद होते. साहा स्वतःच पुढे या रचनेचे टीकाकार झाले. आमचे मत विचाराल तर विद्यापीठे त्यामुळे कोरडी पडली.

आता आमच्या गावाकडे येतो. इंदुरात तेव्हा विद्यापीठ नव्हते. ते १९६४ मध्ये झाले. होळकर महाविद्यालय मात्र १८९१ पासूनचे. १९२४ मध्ये येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संशोधन संस्था निघाली आणि पुसाच्या संशोधन संस्थेत १९०५ पासून काम करणारे अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक म्हणून आले. जमीन होळकर दरबारची, सुमारे तीनशे एकर. मध्य भारतातील इतर काही संस्थानांचीही वर्गणी होती. पण मोठा खर्च उचलला तो इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने. या कमिटीचा पैसा कुठून येई, ते पाहण्यासारखे आहे. १९२३ च्या कायद्यान्वये देशातील गिरण्यांत जाणाऱ्या आणि परदेशी निघणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर सुरुवातीला चार आणे आणि मग दोन आणे असा उपकर बसला. कमिटीत गिरणीवाले होते, व्यापारी होते, सरकारी अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही होते. म्हणजे एका कंपनीने आपला प्रश्न विकत घेण्याऐवजी अख्ख्या धंद्याने गाठीमागे आणा-दोन आणा काढून संशोधन पोसले. याच पैशातून मुंबईस माटुंग्याला कापसाची तांत्रिक प्रयोगशाळाही १९२४ मध्येच निघाली.

कमिटीला हवा होता अधिक चांगला कापूस. हॉवर्ड म्हणाले, कापसाचे झाड एकटे उगवत नाही. माती, पाणी, गुरे, फेरपालट हे सर्व मिळून पाहावे लागेल. आणि कमिटीने, हे विशेष, त्यांना तसे पाहू दिले. त्यातून निघाली ती कंपोस्टची 'इंदूर पद्धत'. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल, उतरत्या कडांचे खड्डे. त्यांत शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर. ठराविक दिवसांनी तीनदा उलथापालथ, की तीन महिन्यांत खत तयार. पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या सहजी कुजत नाहीत. म्हणून त्या संस्थेच्या आतल्या रस्त्यांवर अंथरीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. यंत्र नाही, खर्च नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतील इंदूरकरांनी हे रस्ते पाहिलेले होते.

या पद्धतीवर १९३१ मध्ये जे पुस्तक निघाले त्यावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक. खड्ड्यांतील नत्राचा हिशेब करणारी बाजू त्यांची. पुस्तकावर बरोबरीने असलेले हे मराठी नाव जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या ग्रंथांतून हळूहळू मागे पडले आणि एकटे हॉवर्ड उरले. इंदूरच्या मराठी मंडळींनीसुद्धा ते जपले असे म्हणता येत नाही. आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

पण मुद्दा पुढे आहे. ही पद्धत कुणाची मालमत्ता झाली नाही. ती छापून खुली झाली. त्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेले, आणि नंतर चहाच्या मळ्यांत, कॉफीच्या मळ्यांत, आफ्रिकेत, इंग्लंडात ती ज्याला हवी त्याने वापरली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही संस्थेत जाऊन ती पाहिली. कापसाच्या गाठीवरील आण्यांतून जगाला खताची रीत मिळाली, ही गोष्ट कमिटीच्या कोणत्याच सभासदाने पैसे देताना मनात आणली नसेल. एकट्या कंपनीचा करारनामा असता तर हॉवर्डना दुसऱ्याच वर्षी 'विषय सोडून काम केले' असे पत्र आले असते, अशी आम्हाला शंका आहे. या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

त्यानंतरचा इतिहास बराचसा कायद्यांचा आहे आणि तो थोडक्यात आटोपतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील पस्तिसाव्या कलमाने, मान्यताप्राप्त विद्यापीठाला संशोधनासाठी दिलेल्या रकमेवर कंपनीला वजावट मिळे. २०१० मध्ये ही वजावट रकमेच्या १७५ टक्क्यांपर्यंत वाढविली. २०१७ मध्ये ती १५० आणि २०२० मध्ये १०० टक्क्यांवर आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले आणि २०१९ मध्ये सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधन हे अशा खर्चात धरता येईल असे स्पष्ट झाले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. त्याच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटी रुपयांपैकी सुमारे ३६,००० कोटी रुपये सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून, यावेत अशी कल्पना आहे. आकडा मोठा आहे. हा पैसा लाहोरच्या रीतीने येणार की इंदूरच्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते एकेका करारनाम्यात लिहिले जाईल, आणि असे करारनामे सहसा आमच्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून जातात. त्या माणसाने प्रसिद्धीची मुदत तेवढी पाहावी. कंपनीला आपले गुपित दोन-तीन वर्षे राखण्याचा हक्क आहे, यात वाद नाही. डंकननेही तो मानला होता. आणि प्रश्न जर दुसऱ्याच्या मातीचा, पाण्याचा किंवा प्रकृतीचा असेल, तर ज्याची माती त्याला उत्तर पहिल्या दिवशीच मिळावे, एवढे एक वाक्य मसुद्यात घालण्यास कोणत्याही वित्तीय नियमाची आडकाठी नाही. आम्ही सगळे नियम पाहिले आहेत.

२००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्याच्या आठव्या कलमात व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, असेही त्यातच म्हटले आहे. तो कायदा वाचल्यावर आम्हाला प्रथम त्या शेतकऱ्याची आठवण झाली. एका दौऱ्यात मुद्दाम वाकडी वाट करून आम्ही त्या गावी गेलो. त्याने जमीन विकली होती आणि तो मुलाकडे देवासला राहावयास गेला होता. विहीर होती, तिच्यावर नव्या मालकाने जाळी बसविली होती.